बापू आणि खोत : प्रेमकथेतील वाईट नायकाविषयी



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, स्वातंत्र्यसंग्राम, शिक्षणाची दुरवस्था अथवा कोकणचा विकास यांपैकी एखादा भारदस्त विषय मांडावा असा अलिखित संकेत आहे. तो मोडून मी प्रेमकथांतील दुर्वर्तनी नायकाविषयी बोलणार असल्याचे कळल्यावर मालेच्या चालकांपैकी काहींच्या मुद्रेवर चिंतेची जी छटा उमटली, ती माझ्या नजरेतून सुटलेली नाही. त्यांनी निश्चिंत असावे. ज्या प्रकारचे वाचन घरोघरी दुपारी जेवणे आटोपल्यावर, रात्री निजानीज झाल्यावर, एस.टी.च्या प्रवासात आणि रेल्वेच्या फलाटावर अखंड चालू आहे, ते विद्वानांनी हलके मानले म्हणून हलके ठरत नाही. जे पुस्तक माणसे परीक्षेसाठी किंवा चारचौघांत मिरवण्यासाठी वाचत नाहीत, केवळ वाचावेसे वाटते म्हणून वाचतात, त्याच पुस्तकात समाजाचे मन अधिक उघडे पडते, असे माझे मत आहे.

प्रश्न तसा साधा आहे. ज्या पुरुषाला आपण जावई म्हणून ओटीवरही बसू देणार नाही, जो उद्धट आहे, संतापी आहे, शब्द देऊन मोडणारा आहे, ज्याच्या पूर्वचरित्राची चौकशी करावयास धजू नये असा आहे, त्याला आपली लेक, आपली सून, आणि खरे बोलायचे तर लेकीची आईसुद्धा, कादंबरीच्या पानांत इतक्या आवडीने का घेते? आणि तिच्यासाठी आपण जो सालस, पगारदार, निर्व्यसनी मुलगा मोठ्या शोधाने आणतो, तो कादंबरीत दिसला की तीच लेक दोन पाने सोडून पुढे का जाते?

राजापुरात हा प्रश्न विचारताना मला थोडे धैर्य येते, कारण इथल्या मातीला त्याचे उत्तर अर्धे ठाऊक आहे. उन्हाळे गावची गंगा साधारण तीन वर्षांनी प्रकट होते अशी लोकांची समजूत. ती समजूत गंगेने स्वतः कधी कबूल केल्याचे ऐकिवात नाही. ती आपल्या लहरीने येते, आपल्या लहरीने जाते, आणि आल्याची वार्ता कळताच चौदा कुंडांवर स्नानासाठी मुंबईहून गाड्या भरून माणसे लोटतात. रोज नेमाने वाहणाऱ्या अर्जुना नदीकडे मात्र कोण पाहतो? पावसाळ्यात ती बाजारपेठेत शिरली, दुकानांच्या फळ्यांना लागली, म्हणजे मग तिचीही बातमी होते. नेमाने वागणाऱ्याला मान मिळतो आणि लहरीने वागणाऱ्याला ओढ मिळते, हा मनुष्यस्वभाव आहे. पण या प्रकरणाचे दुसरे अर्धे उत्तर स्वभावात सापडत नाही. ते शोधायला कोकणच्या दप्तरात आणि मराठी कादंबरीत जावे लागते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हा नायक पाश्चात्त्यांनी आपल्याकडे धाडलेला नव्हे. दहाव्या शतकात धनंजयाने 'दशरूपक' लिहिले तेव्हा प्रेमातील वर्तनावरून नायकाचे जे चार प्रकार त्याने मानले, त्यांत दक्षिण आणि अनुकूल यांच्या जोडीला शठ आणि धृष्ट यांनाही त्याने नायकाचेच आसन दिले. एक चोरून अपराध करणारा, दुसरा अपराधाच्या खुणा अंगावर वागवीत निर्लज्जपणे दारात उभा राहणारा. तरीही दोघे नायकच. आपल्या जिल्ह्यातल्या नमनाच्या खेळात गौळणींची वाट अडवणारा कृष्ण काय निराळे करतो? आणि शिमग्यात काळ्या पोशाखाचा, उंच टोपीचा, कमरेला घुंगरे बांधलेला संकासूर आला म्हणजे पोरे भिऊन पळतात आणि तीच पोरे वळून पुन्हा त्याच्याच मागे धावतात. वेद चोरणारा तो दैत्य, पण लोकांचे डोळे खिळतात ते त्याच्यावर. इतके सांगून मी प्राचीनांना नमस्कार करतो.

आता मराठी कादंबरीकडे येऊ. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' मधल्या यमूला मनासारखा, समंजस, सुधारक विचारांचा नवरा लाभतो. परंतु तो जगत नाही. त्या काळच्या स्त्रीचे दुःख वाईट पुरुषाचे नव्हते, चांगला पुरुष टिकत नसे याचे होते. आणि तो गेल्यावर तिच्या माथ्यावर जे कोसळे त्याचे होते. पुढच्या पिढीत ना. सी. फडके आले. 1925 च्या 'कुलाब्याची दांडी'पासून त्यांनी मराठी वाचकाला प्रीतीची जी नवी वाट दाखवली, तिच्यावरून चालणारा नायक रूपवान, उच्चविद्याविभूषित, संभाषणचतुर आणि कपड्यांची इस्त्री न मोडणारा होता. त्या नायकावर महाराष्ट्रातील दोन पिढ्यांच्या तरुणींनी जीव टाकला, आणि मी त्यांना हसणार नाही. ज्या समाजात पतीशी दिवसाढवळ्या चार शब्द बोलणे हाही अविनय होता, त्या समाजात बायकोशी आर्जवाने बोलणारा पुरुष हेच एक मोठे अद्भुत होते.

पण त्या नायकात एक उणीव होती. तो आधीच पूर्ण होता. नायिकेने त्याच्यावर प्रेम करावे, रुसावे, गैरसमज करून घ्यावा आणि शेवटी गैरसमज दूर करून घ्यावा, यापलीकडे तिच्या वाट्याला काही काम उरत नसे. ती नसती तर त्याचे काय बिघडले असते? फार तर त्याने दुसऱ्या एखाद्या तितक्याच सुंदर मुलीशी विवाह केला असता.

इथे मी आपल्या भागाचे एक वास्तव पुढे ठेवतो. राजापूर, लांजे, संगमेश्वर, देवगड या तालुक्यांतली कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत, पेढ्यांत आणि कचेऱ्यांत राहिली. ती गणपतीला आली, शिमग्याला आली, मे महिन्यात चार दिवस आली. एरवी घरात त्यांचे अस्तित्व दरमहा येणाऱ्या मनीऑर्डरीपुरते. शेत, गुरे, सासू, दीर, पोरांची दुखणी, कुळाचा तंटा, सारे बायकांनी निभावले. असा नवरा वाईट होता असे म्हणता येत नाही, चांगला होता असे छातीठोकपणे सांगायलाही फारसा पुरावा नाही. कारण बरे-वाईट ठरण्याइतका तो घरात राहिलाच नाही. अशा घरातल्या शिकलेल्या सुनेच्या हाती वाचनालयाची कादंबरी पडली, तर तिला कोणता नायक हवासा वाटेल? मला वाटते, जो समोर उभा राहील तो. भांडेल, ओरडेल, चुकेल, पण हजर असेल असा. उद्धटपणा ही हजेरीची एक रीत आहे.

आणि असा नायक आपल्याच जिल्ह्याने मराठीला दिला. दापोली तालुक्यातल्या मुर्डीत जन्मलेल्या श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' ही कादंबरी 1952 साली प्रसिद्ध झाली. पुढे इयन रेसाइड यांनी ती इंग्रजीतही नेली. माझ्या मते मराठीतला पहिला खराखुरा वाईट नायक तो हा. बापू पाणक्याचा पोर. घर दरिद्री, गाव अण्णा खोताच्या धाकातले, आणि बापूची जीभ कुणाच्याही धाकात न राहणारी. तो उनाड म्हणून कुप्रसिद्ध, भटकण्यात तरबेज, वडीलधाऱ्यांना उलट उत्तरे देण्यात त्याहून तरबेज. आणि एवढ्याने भागले नाही म्हणून की काय, रावजीच्या हॉटेलातल्या राधेशी त्याचे नाव जोडले जाते आणि ते नाव तो नाकारीत नाही. गावाच्या लेखी याहून मोठा गुन्हा नाही. चोरून काही केले असते तर गावाने कानाडोळा केला असता. उघड केले, त्याला माफी नाही. पुढे तो सुपारीच्या व्यापारात हात घालतो, पैसा मिळवतो, आणि ज्या गावाने त्याला झिडकारले त्याच गावाला त्याची दखल घेणे भाग पडते.

बापूवर वाचक का भुलले? तो रांगडा म्हणून? रांगडे पुरुष कोकणात कमी नव्हते. थोडे बारकाईने पाहा. बापू वाईट आहे तो कोणाशी? खोताशी वाईट, पंचांशी वाईट, सोवळ्याशी वाईट, ढोंगाशी वाईट. राधेशी मात्र नाही. ज्या दारांवर गावाने त्याला थांबवून ठेवले ती सारी दारे तो लाथेने उघडतो, आणि राधेच्या दारात मात्र माणूस म्हणून उभा राहतो. राधा तरी कशी? तिला कोणी नशिबाने त्याच्या पदरात टाकलेले नाही. तिने माणसे पाहिली आहेत, गिऱ्हाइके पाहिली आहेत, प्रतिष्ठितांच्या नजरा ओळखल्या आहेत, आणि या सगळ्यांतून तिने बापू निवडला आहे. गाव ज्याला टाकाऊ ठरवते त्याची खरी किंमत एका स्त्रीने करावी, आणि कालांतराने साऱ्या गावाला तिच्या निवाड्यावर सही करावी लागावी, यात वाचणाऱ्या बाईला जे सुख आहे त्याचे मोल आपण पुरुष समीक्षकांनी कधी नीट केलेले नाही. तिच्या मताला घरात कोणी विचारीत नव्हते. ती कादंबरीपुरती न्यायासनावर बसली.

वाईट ठरवणारा कोण, हे म्हणूनच आधी विचारले पाहिजे. कान्होजी आंग्रे आमचे सरखेल, आणि इंग्रजांच्या वखारीच्या कागदांत तेच समुद्रावरचे चाचे. लॉर्ड बायरनने 1814 साली एका चाच्यालाच नायक करून 'द कॉर्सेअर' हे काव्य लिहिले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्या दहा हजार प्रती खपल्या. त्या दहा हजारांत अशी पुष्कळ माणसे असली पाहिजेत, ज्यांची गलबते खरोखरीच्या चाच्यांनी लुटली असती तर ती फिर्याद घेऊन धावली असती.

रंगभूमीवर हेच घडले, आणि तेही आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या हातून. चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर व्यवसायाने दंतवैद्य. 1962 च्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' मध्ये त्यांनी बापाशी झुंजणारा, रागीट, दुखावलेला संभाजी उभा केला. मग 1966 साली वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले' मध्ये ते कॉलेजातला उनाड लाल्या झाले. नाटक लिहिले गेले ते विद्यानंद या ध्येयवादी प्राध्यापकासाठी. त्याचा अधःपात हा नाटकाचा विषय, आणि ती भूमिका प्रभाकर पणशीकरांसारख्या समर्थ नटाकडे. तरी शिट्ट्या पडल्या त्या लाल्याला. नाटकातच लाल्या पुढे सुधारतो, पोलीस अधिकारी होतो, आणि सज्जन विद्यानंद तुरुंगातून गुन्हेगार होऊन बाहेर येतो. म्हणजे नाटककाराने तराजूची दोन्ही पारडी उलटी करून दाखवली. पण आज साठीच्या पुढच्या कोणालाही विचारा: आठवतो तो सुधारलेला लाल्या की उनाड लाल्या? घाणेकरांनी रंगभूमीवर बापूही साकारला, यात मला काडीचेही आश्चर्य वाटत नाही.

इथपर्यंत आपले वाईट नायक गावाशी, बापाशी, कॉलेजाशी वाईट आहेत. पण 1962 मध्येच आचार्य अत्र्यांनी, एका प्रत्यक्ष खटल्यावर बेतून, दुसऱ्या जातीचा माणूस रंगमंचावर आणला. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. 'तो मी नव्हेच' मधला हा इसम नावे बदलून बायकांना फसवतो, त्यांचे दागिने आणि आयुष्ये लुटतो, आणि न्यायालयात स्वतःची वकिली स्वतः करून त्यांच्या साक्षींची टर उडवतो. नाट्यगृह हसते, टाळ्या देते. पण एक भेद ध्यानी घ्या. लखोबावर कोणी भाळले नाही. त्याच्या बुद्धीला दाद मिळाली, त्याच्या मिठीची कल्पना करून कोणाची झोप उडाली नाही. बापू आणि लखोबा यांतला भेद त्या प्रेक्षकांना, विशेषतः प्रेक्षक स्त्रियांना, पुरता कळत होता. एक जगाशी वाईट, दुसरा बाईशी वाईट.

हा भेद सदासर्वकाळ शाबूत राहतो असे मात्र नाही. इंग्लंडात सॅम्युएल रिचर्डसन या पापभीरू मुद्रकाने 1747-48 मध्ये 'क्लॅरिसा' ही प्रचंड पत्रकादंबरी खंडाखंडांनी प्रसिद्ध केली. तिच्यातला लव्हलेस हा नायिकेला पळवून नेणारा, तिच्यावर बलात्कार करणारा नराधम. मुलींनी अशांपासून सावध राहावे म्हणून रिचर्डसनने त्याला रंगवला. झाले काय? वाचक स्त्रियांची पत्रे येऊ लागली की लव्हलेसला सुधारा, दोघांचे लग्न लावा, शेवट गोड करा. रिचर्डसन हादरला, त्याने शेवट बदलला नाही, उलट पुढच्या आवृत्त्यांत लव्हलेसचा काळेपणा अधिक गडद केला. आपल्याकडे गडकऱ्यांनीही हीच कठोरता पाळली. 'एकच प्याला' मधल्या सिंधूची निष्ठा डोंगराएवढी, पण त्या निष्ठेने सुधाकर वेळेवर सुधारत नाही. मूल जाते, सिंधू जाते, आणि मग तो विष घेतो. प्रेमाने वाईट माणूस सुधारतो या समजुतीवर गडकऱ्यांनी असा शेरा मारून ठेवला आहे की तो वाचायला आजही धीर लागतो.

आता आजच्या काळाकडे या. आजची मराठी प्रेमकथा वाचनालयाच्या कपाटात फारशी नाही. ती भ्रमणध्वनीत आहे. 2014 साली बेंगळुरूत सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'सारख्या व्यासपीठांवर मराठी स्त्रिया मराठी स्त्रियांसाठी रोज भागाभागांनी कथा लिहितात. नायक एका ठरावीक साच्यातला. तो अब्जाधीश उद्योगपती, तिशीच्या आत, खडूस, अबोल. त्याच्या कंपनीत नायिका नोकरीला. तिच्या वडिलांची शस्त्रक्रिया किंवा कर्ज. आणि मग करारावर लग्न. तो तिचा पाणउतारा करतो, मनगट धरून ओढतो, दुसऱ्या पुरुषाशी बोलली म्हणून डोळे लाल करतो, आणि शेकडो भागांनंतर एका रात्री तिच्या तापलेल्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवतो. पाश्चात्त्य बाजारात 2011 च्या 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' ने जो श्रीमंत, हुकमी नायक जगभर विकला, त्याचा हा पुण्या-मुंबईचा चुलतभाऊ.

राजापूरकरहो, हा माणूस कोण आहे? नीट पाहा त्याच्याकडे. जमीन त्याची, कचेरी त्याची, कर्जरोखा त्याच्या तिजोरीत, शब्द त्याचा शेवटचा, बाईची ये-जा त्याच्या परवानगीने. याला आपण ओळखत नाही काय? हा बापू नाही. हा अण्णा खोत आहे. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, 1949 च्या कायद्याने खोती गेली, आणि आमच्या लेकींच्या भ्रमणध्वनीत ती सूटबूट घालून, वातानुकूलित गाडीतून परत आली! बापूचा उद्धटपणा खोताच्या अंगावर चढवलेला आहे. ज्याच्यावर कधी अन्याय झाला नाही त्याच्या कपाळावर बंडखोराची आठी काढलेली आहे. लेखिकाही हे मनातून जाणतात. म्हणून प्रत्येक खडूस नायकाला बालपणीचे एखादे दुःख, सोडून गेलेली आई किंवा विश्वासघात केलेली पहिली प्रेयसी दिलेली असते. ते त्याच्या गुन्ह्यांचे जामीनपत्र.

मग या वाचक स्त्रिया खुळ्या आहेत काय? तसे म्हणणारा पुरुष त्यांच्या आयुष्याकडे पाहतच नाही. ज्या मुलीला रजेसाठी साहेबाची सही लागते, शिकवणीला जायला भावाची संमती लागते, माहेरी जायला सासूचा होकार लागतो, तिच्यासमोर ज्याच्या सहीवर सारे चालते असा माणूस गुडघे टेकतो, हे चित्र गोड वाटणार नाही काय? बापूसारखा दरिद्री बंडखोर जिंकून तिच्या कैफियतीची तड लागत नाही, कारण तिचा छळ बापूने केलेला नाही. ज्याने केला त्याच्याच तोंडून तिला कबुलायत हवी आहे. शिवाय शेवट गोड होणार ही हमी पहिल्या भागापासून दिलेली असते. त्या हमीवर विसंबूनच ती आगीजवळ हात नेते. अमेरिकेत जॅनिस रॅडवे या विदुषीने एका गावातल्या प्रेमकथावाचक गृहिणींशी बोलून 1984 मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यातही हेच दिसते: कथेतला कठोर पुरुष त्या बायकांना हवा होता तो अखेरीस मृदू निघणार म्हणून, आणि वाचण्याचा तो तास घरकामातून काढलेला त्यांचा स्वतःचा तास होता. पुस्तक बंद करून त्या स्वयंपाकघरात परत जात, आणि तिथला पुरुष कसा आहे याविषयी त्यांचा फारसा भ्रम नव्हता.

तेव्हा मुलींच्या हातून हे वाचन काढून घ्यावे असे मी म्हणणार नाही. तसे फर्मान काढणाऱ्याने पहिल्यांदा आपली सही किती ठिकाणी लागते ते मोजावे. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती नायकाविषयी नसून नायिकेविषयी आहे. राधेजवळ स्वतःचा आधार म्हणून ते चहाचे दुकान होते. शार्लट ब्राँटीने 1847 मध्ये 'जेन एअर' लिहिली. तिचा रॉचेस्टरही मालक, खडूस, आणि पहिली बायको माळ्यावर कोंडून दुसरे लग्न करायला निघालेला. जेनचे त्याच्यावर प्रेम आहे. तरी ती उठून जाते. उपाशी राहते, गावच्या शाळेत शिकवते. चुलत्याच्या वारशाचे वीस हजार पौंड तिला मिळतात, ते ती आतेभावंडांत समान वाटते, स्वतःला पाच हजार ठेवते, आणि मग आपल्या पायांनी त्याच्याकडे परत येते. तोवर त्याचे घर जळालेले, दृष्टी गेलेली. पाद्र्याची मुलगी असलेल्या ब्राँटीला हा हिशेब पक्का ठाऊक होता: नोकर असताना केलेली क्षमा आणि स्वतंत्र झाल्यावर केलेली क्षमा या एका खात्यात जमा होत नाहीत. आजच्या कथांतली नायिका मात्र तीनशेव्या भागातही त्याच कंपनीत, त्याच कराराखाली असते. ती क्षमा करते तेव्हा दुसरे काही करण्याजोगी तिची परिस्थिती नसते.

आणि यात एक विलक्षण गोष्ट आहे. त्या लिहिणाऱ्या स्त्रियांपैकी काहींना आता या लिखाणातून पैसे मिळतात. घरच्यांना न विचारता उघडलेले खाते, स्वतःच्या नावावर जमा होणारी रक्कम, अनोळखी वाचकांचा रोजचा आग्रह, हे सारे त्यांनी स्वतः मिळवले आहे. राधेचे दुकान लेखिकेजवळ आले आहे. तिच्या नायिकेजवळ अजून नाही. असे का व्हावे, हे मला खरोखरच समजून घ्यायचे आहे. या सभागृहात अशा कोणी भगिनी बसल्या असतील, आणि माझा अंदाज आहे की मागच्या रांगांत त्या आहेत, तर अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी राखलेल्या अर्ध्या तासात आधी त्यांना बोलू द्यावे, अशी माझी विनंती आहे.